ढाक्याला गेलेल्या दाजींचा गुरुवारपासून पत्ता नाही. तिकडं कुणाची ओळख आहे का?

सेलूकर | २१ जुलै २०२४, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचून जातो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

माझे दाजी, मोठ्या बहिणीचे मिस्टर, सेलू भागातले जिनिंगवाले. १३ तारखेला कोलकात्यावरून ढाक्याला गेले. मागच्या सीझनच्या कापसाच्या गाठींचं पेमेंट दोन स्पिनिंग मिलांकडं अडकलंय, त्याच्या वसुलीला. १७ ला आषाढीच्या दिवशी ताईशी निवांत बोलले. १८ ला गुरुवारी संध्याकाळी शेवटचा फोन: "उत्तरा भागात हॉटेलवर हाय. बाहेर लई गडबड हाय, नेट जायलंय. काळजी करू नका." तिथून पुढं काहीच नाही. व्हॉट्सॲपला एकच टिक. इकडचा नंबर बंद, तिकडचं सिम लागत नाही, हॉटेलच्या नंबरवर साधी रिंगही जात नाही.

वय ५२. मराठी, हिंदी बोलतात, इंग्रजी कामापुरतं, बंगाली शून्य. बीपीची गोळी चालू आहे. उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक नाही, तरुणपणी जिनच्या रोलरमध्ये गेलंय.

ताईला आम्ही टीव्ही लावू देत नाही, पण मोबाईल कसा काढून घेणार? काय करावं, कुणाला गाठावं, अनुभव असेल तर सांगा.

मोंढ्यातला | २१ जुलै, सकाळी ८:१५

सेलूकर, आधी धीर धरा. फोन लागत नाही म्हणजे माणसाला काही झालं असं लगेच समजू नका. गुरुवारी रात्रीपासून सगळ्या बांगलादेशाचं इंटरनेट बंद आहे, मोबाईलचंही आणि ब्रॉडबँडचंही. शुक्रवारी मध्यरात्रीपासून संचारबंदी आहे, रस्त्यावर लष्कर आहे. बाहेरून केलेले फोन बहुतेकांचे लागत नाहीत.

उत्तरा भागात गुरुवारी गोळीबार झाला, माणसं गेली. हे ताईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हॉटेल नेमकं कुठल्या सेक्टरात होतं ते मात्र शोधून काढा.

अंबडची | २१ जुलै, सकाळी ८:५०

वाचून काळजाचं पाणी झालं. पण हे भांडण आहे तरी कशावरून? कापसाच्या व्यापाऱ्याला कुणी का त्रास देईल?

मोंढ्यातला | २१ जुलै, सकाळी ९:०५

ताई, व्यापाऱ्याला कुणी शोधत नाहीये, तो मधे सापडतो एवढंच. १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के कोटा होता. २०१८ च्या आंदोलनानंतर सरकारनं तो काढला. या ५ जूनला तिथल्या हायकोर्टानं परत आणला. १ जुलैपासून विद्यार्थी रस्त्यावर आहेत, आणि १६ तारखेला पोरं मेल्यावर सगळं हाताबाहेर गेलं. आज तिथल्या सुप्रीम कोर्टात सुनावणी आहे.

खडकपुरा | २१ जुलै, सकाळी ९:२०

म्हणजे आरक्षण! आपल्याकडं काय वेगळं चाललंय? आंतरवालीत जे झालं तेव्हाच मी म्हणत होतो की

बिंदुसरा | २१ जुलै, सकाळी ९:२४

खडकपुरा, त्यासाठी ढीगभर धागे आहेत, तिकडं जा. इथं एका बाईचा नवरा सापडत नाहीये.

सेलूकर, गेल्या ऑक्टोबरात बीडला संचारबंदी लागली, नेट बंद झालं, तेव्हा पुण्यातल्या माझ्या पोराला वाटलं आमचं घर पेटलं. आम्ही घरात भजी तळत बसलो होतो. बाहेरच्या माणसाला तेवढंच दिसतं जेवढं टीव्ही दाखवतो. तुमचे दाजीही कुठंतरी खोलीत बसून असतील.

एक सुचवतो: फोटो, पासपोर्ट आणि तुमचा नंबर सगळ्या ग्रुपवर टाका. हजार लोकांपर्यंत गेलं की एखादा निघतोच.

पैठणगेट | २१ जुलै, सकाळी १०:१०

बिंदुसरा, तुमच्या भावनेला नमस्कार, पण पासपोर्टची प्रत ग्रुपवर अजिबात टाकू नका. २०२२ मध्ये युक्रेनला अडकलेल्या पोरांच्या याद्या करायला मी मदत करत होतो. ज्यांचे कागद व्हॉट्सॲपवर फिरले, त्यांच्या आईबापांना पैसे मागणारे फोन आले. त्यामुळं सेलूकर, पहिलं काम हे करा: फक्त घरच्यांना आणि दाजींनाच ठाऊक असेल अशी एक गोष्ट ठरवून ठेवा. ती इथंही लिहू नका. कुणीही "तुमचा माणूस आमच्याजवळ आहे" म्हणालं की ती विचारा.

दुसरं. युक्रेनच्या वेळी प्रत्येक कलेक्टर ऑफिसनं पोरांची यादी केली. कॉलेजचं नाव सांगितलं की पोरगं कुठल्या होस्टेलात आहे ते कळायचं, बस तिथं जायची. व्यापाऱ्याचं असं कुठलंच रजिस्टर नसतं. परराष्ट्र खात्यानं परवा सांगितलं की बांगलादेशात आपले साधारण १५ हजार लोक आहेत, त्यात साडेआठ हजार विद्यार्थी. विद्यार्थी कॉलेजवार सापडतात. उरलेल्यांत तुमचे दाजी, आणि ते नेमके कुठं आहेत हे तिथल्या आपल्या हाय कमिशनला, म्हणजे वकिलातीला, तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून एका पानाचा ईमेल करा, ढाक्याच्या हाय कमिशनला. पासपोर्ट नंबर, व्हिसाचा प्रकार, कुठून कधी आत गेले, हॉटेलचं नाव आणि सेक्टर, ज्या मिलांकडं गेले त्यांची नावं, औषध, बोटाची खूण. वर विषयात नाव, पासपोर्ट नंबर आणि "उत्तरा, १८ जुलैपासून संपर्क नाही". रडगाणं नको, पलीकडं बसलेल्या माणसाला अशा शेकडो मेली वाचायच्या आहेत. ढाक्याशिवाय चितगाव, राजशाही, सिलहट, खुलना इथंही आपली सहायक हाय कमिशनं आहेत आणि सगळ्यांनी २४ तासांचे नंबर जाहीर केलेत. तीच माहिती परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर भरा म्हणजे तक्रारीला क्रमांक मिळेल. आणि तोच क्रमांक घेऊन परभणीला निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा. रविवार असला तरी कक्षात माणूस असतो.

पोलिसांत मिसिंग द्या. "परदेशातली घटना, आमची हद्द नाही" म्हणतील. माणूस तुमच्या हद्दीतला आहे, नोंद घ्या म्हणा. पुढं कागद लागतो.

सेलूकर | २१ जुलै, सकाळी ११:३०

पैठणगेट, ईमेल पाठवला. पोर्टलवरही भरलं. ठाण्यात अगदी तेच ऐकायला मिळालं, हद्दीचं. वकील मित्र सोबत आला तेव्हा नोंद झाली.

एक शंका घरात सारखी निघतेय. धरपकडीत उचलले असले तर?

पैठणगेट | २१ जुलै, सकाळी ११:४५

तशी शक्यता कमी वाटते, पण विचारलंत म्हणून. १९६३ च्या व्हिएन्ना कॉन्सुलर कराराचं कलम ३६ आहे. परदेशी माणसाला अटक झाली आणि त्यानं मागणी केली, तर त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवावं लागतं. गोची अशी की मागणी अटकेतल्या माणसानं करायची असते, आणि जिनिंगवाल्याला ते कुठून माहीत असणार? म्हणून मेलमध्ये एक ओळ वाढवा: ताब्यात असल्यास कॉन्सुलर भेट मिळावी ही कुटुंबाची विनंती. दवाखान्यांच्या याद्याही बघायला सांगा, बोटाची खूण तिथं कामाला येते.

कापूसकोंड्या | २१ जुलै, दुपारी १:२०

मी गाठींची दलाली करतो, मानवत-सेलू-माजलगाव पट्ट्यातली. धागा आत्ता पाहिला.

आधी अंबडच्या ताईंसाठी. जुलैत माणूस तिकडं का जातो? जिनिंग पावसाळ्यात बंद. मशीनची दुरुस्ती फिटरच्या हवाली करून मालक वसुलीला निघतात. बांगलादेशात कापूस पिकतो नावापुरता आणि गिरण्या मात्र शेकड्यांनी, त्यामुळं आपल्या गाठींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. माल एलसीवर जातो, म्हणजे पैसे बँकेच्या हमीवर. पण २०२१ च्या ऑगस्टात त्यांच्याकडं ४८ अब्ज डॉलरची गंगाजळी होती, ती आता निम्म्याच्याही खाली आलीय. बँकेकडं डॉलरच नाहीत. मिलवाला म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते पुढच्या आठवड्यात. १७० किलोची एक गाठ, अशा गाड्याच्या गाड्या देऊन बसलेला माणूस इथं घरी झोपू शकत नाही. समोर जाऊन बसलं की थोडंफार हलतं, म्हणून जातात.

आता कामाचं. सगळे इथून ढाक्याला फोन लावत बसलेत, तो लागणार नाही. पण बांगलादेशातल्या बांगलादेशात साधा कॉल चालू आहे. तुटत असेल, पण लागतोय. म्हणजे आपल्याला हवा असा माणूस, ज्याच्याशी आपलं बोलणं होतं आणि ज्याचा हात पलीकडच्या सिमपर्यंत पोचतो. असा माणूस बॉर्डरवर असतो.

पेट्रापोलला, कोलकात्यापासून ८० किलोमीटर, आपल्या मालाच्या गाड्या कस्टम करून पलीकडं बेनापोलला जातात. दोन्हीकडच्या सीएनएफ एजंटांची, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्यांची, पोरं झीरो लाइनवर रोज भेटतात, कागद हातोहात बदलतात. सध्या नेट नाही म्हणून पलीकडचं कस्टमचं सर्व्हर बंद, गाड्या उभ्या आहेत. पण पोरं तिथंच आहेत, ड्रायव्हर तिथंच आहेत. माझ्या ओळखीचा एकजण आज सकाळी माझ्याशी बोललाय.

सेलूकर, दाजींच्या मुनीमाला गाठा. एलसीची कॉपी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शेवटच्या दोन गाड्यांच्या बिल्ट्या काढायला लावा. त्यात मिलचा पत्ता मिळेल आणि बेनापोलच्या क्लिअरिंग एजंटाचं नाव मिळेल. त्या एजंटाकडं मिलच्या परचेस मॅनेजरचा मोबाईल असतोच असतो, कारण गाडी पोचली की वजनावरून पहिलं भांडण त्या दोघांचंच होतं. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, नंबर दिलाय.

सेलूकर | २१ जुलै, दुपारी ३:०५

मुनीम मोंढ्याजवळ राहतो, त्याला घेऊन ऑफिस उघडलं. कपाटात एलसीची फाईल सापडली. एक मिल गाजीपूरची, एक नारायणगंजची. दोन्हीचा एजंट बेनापोलचा एकच. कापूसकोंड्यांच्या माणसाला नावं वाचून दाखवली, त्यानं कागदावर लिहून घेतली. म्हणाला, संध्याकाळी लाइनवर पलीकडच्या पोराला देतो. निरोपासोबत आमचा तो घरचा प्रश्नही पाठवलाय.

तेरणा | २१ जुलै, सायंकाळी ६:४०

कोर्टाचा निकाल आला. ९३ टक्के जागा गुणवत्तेवर, मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना ५, उरलेले २ इतरांना. आता निवळेल असं वाटतं.

मोंढ्यातला | २१ जुलै, सायंकाळी ७:००

मला नाही वाटत. आधी कोट्याचा प्रश्न होता, आता मेलेल्या पोरांचा आहे. तो कोर्टात सुटत नसतो.

सेलूकर | २१ जुलै, रात्री ९:५०

गावातल्या कुठल्यातरी ग्रुपवर फोटो आणि माझा नंबर गेलाच. तासाभरापूर्वी हिंदीत फोन. "आपके जीजाजी हमारे पास सेफ हैं, बॉर्डर पार कराने का खर्चा लगेगा, अभी यूपीआय करो." पैठणगेट यांनी सांगितल्याप्रमाणं विचारलं: १७ तारखेला त्यांनी काय खाल्लं ते त्यांना विचारून सांगा. गडी दोन मिनिटं थांबला आणि म्हणाला, "बिर्याणी." वारकऱ्याच्या घरचा माणूस, आषाढीला! फोन ठेवला. ताई या सगळ्या गोंधळात पहिल्यांदा हसली.

नंबर सायबर सेलला दिलाय.

अंबडची | २१ जुलै, रात्री १०:०५

मेल्यांना जनाची नाही, मनाची तरी!

सेलूकर | २२ जुलै, सकाळी ११:१५

सापडले.

हात थरथरतायत, नीट लिहिता येत नाही. पेट्रापोलच्या माणसाचा आत्ता फोन आला. बेनापोलच्या एजंटानं रात्री गाजीपूरच्या मिलच्या मॅनेजरला गाठलं. दाजी त्यांच्याच गेस्टहाऊसवर आहेत, शुक्रवारी सकाळी मिलनं गाडी पाठवून हॉटेलवरून हलवलं. तब्येत ठीक. आणि प्रश्नाचं उत्तर आलं: "केळी. साबुदाणा मिळाला नाही." बंगाली तोंडातून, मग हिंदीतून, मग माझ्यापर्यंत, पण आलं बरोबर. ताईला एवढंच पुरलं, तिनं देवापुढं साखर ठेवली.

कापूसकोंड्या | २२ जुलै, सकाळी ११:२२

पांडुरंग! आता हाय कमिशनला लगेच दुसरी मेल टाका, जुन्या मेलला रिप्लाय करूनच. सापडले, या पत्त्यावर आहेत, बाहेर काढायला मदत हवी. यादीतून नाव काढायला सांगू नका, ते अजून तिकडंच आहेत.

पैठणगेट | २२ जुलै, सकाळी ११:४०

अगदी. आणि घाई करून रस्त्यानं निघू देऊ नका. विद्यार्थी बेनापोल, गेदे, आखाउड्यावरून येतायत, पण ते गटानं, बंदोबस्तात. नरसिंगडीचा तुरुंग फोडून आठशेच्या वर कैदी पळालेत. एकट्या माणसानं गाडी करून जायचे हे दिवस नाहीत. मैत्री एक्स्प्रेसही बंद आहे. जिथं आहेत तिथं राहू द्या, विमान सुरळीत झालं की निघतील.

सेलूकर | २८ जुलै, दुपारी ४:३०

दाजी २५ ला ढाका-कोलकाता विमानानं आले, काल घरी पोचले. ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली त्यांच्यासाठी त्यांनी सांगितलेलं लिहितो.

सिम तिथलंच होतं, प्रीपेड. गुरुवारी दिवसभर इकडंतिकडं फोन करून बॅलन्स संपत आला आणि रात्री नेट गेलं. तिथं रिचार्ज बहुतेक मोबाईल ॲपवरून होतो, नेट नाही तर रिचार्ज नाही. दुकानात स्क्रॅचकार्ड संपलेले. आपल्या सिमचं रोमिंग तर मेलेलंच. नुसतं फोनचंच नाही. गेस्टहाऊस म्हणजे मिलनं भाड्यानं घेतलेला फ्लॅट, तिथं विजेचं मीटरही प्रीपेड. शनिवारी ते संपलं, पंखा बंद, लाईट बंद. मिलचा पोरगा वीज ऑफिसच्या लाइनीत चार तास उभा राहिला तेव्हा कुठं मीटर भरलं. दाजी म्हणतात, बंदुकीपेक्षा त्या अंधाराची जास्त भीती वाटली, कारण खालच्या रस्त्यावर काय चाललंय ते नुसतं ऐकू यायचं.

बीपीची गोळी रविवारी संपली. संचारबंदी दुपारी थोडा वेळ सैल व्हायची, तेवढ्यात मॅनेजरनं रिकामी स्ट्रिप केमिस्टकडं नेऊन तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आणलं. रिकामी स्ट्रिप फेकायची नाही हा धडा आमच्या ताईनं आता सगळ्या घराला दिलाय.

२३ च्या रात्री ब्रॉडबँड थोडं सुरू झालं, २४ ला ऑफिसातून ताईशी बोलले. हाय कमिशनमधूनही मॅनेजरच्या नंबरवर फोन आला होता, आम्ही दुसऱ्या मेलमध्ये तो दिला होता म्हणून. विमानतळाला जाताना गस्तीवाल्यांना तिकीट दाखवलं की सोडत होते.

जिनमधला_भैया | २८ जुलै, सायंकाळी ५:१०

सगळं ठीक झालं, पण पेमेंटचं काय झालं भाऊ? आमचेबी तिकडं अडकलेत, म्हणून विचारायलोय.

सेलूकर | २८ जुलै, सायंकाळी ५:४०

दाजीच शेजारी बसलेत, त्यांच्याच शब्दात टाईप करतो:

"गाजीपूरवाल्यानं मला जेवू घातलं, झोपायला दिलं, सख्ख्या भावासारखं पाहिलं. पैशाचं विचारलं की म्हणायचा, दादा, बँक बंद. खरंच बंद होती, मी काय बोलू? शेवटच्या दिवशी दोन महिन्यांची मुदतवाढ लिहून दिली. नारायणगंजवाल्यानं वजनाचा क्लेम टाकलाय, गाठी ओल्या निघाल्या म्हणतो. मे महिन्यात परभणीतून गेलेली गाठ ओली! ४३ डिग्रीत! त्याला मी सोडत नसतो."

ताई आतून म्हणाली, इथूनच नका सोडू, तिकडं जायचं नाव काढलं तर बघा.

लातूरची_डाळ | ६ ऑगस्ट, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, माफ करा. माझा चुलतभाऊ खुलन्याला डाळ मिलची मशिनरी विकतो, बसवूनही देतो. काल शेख हसीना देश सोडून आल्या तेव्हापासून इकडं जीव थाऱ्यावर नाही. परवा रात्री तो जशोरला हॉटेलवर होता आणि काल तिथंच एक हॉटेल पेटवलं, माणसं गेली, त्यात एक परदेशी होता म्हणतात. फोनची रिंग जातेय पण उचलत नाही. वर जे लिहिलंय तेच सगळं करू का?

पैठणगेट | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

बरंचसं तेच, पण एक फरक ध्यानात ठेवा. जुलैत नेट बंद होतं आणि सरकार जागेवर होतं. आता नेट चालू आहे पण पोलीस नाहीत. ठाणी जाळलीत, पोलीस कामावर यायला तयार नाहीत. तिकडं माणूस हरवला की ठाण्यात जीडी, म्हणजे जनरल डायरीत नोंद करतात, ती आज घ्यायला कुणी नाही. त्यामुळं पोलिसांवर विसंबू नका. खुलन्याला आपलं सहायक हाय कमिशन आहे, जशोर त्यांना जवळ पडतं, तिथं आत्ताच फोन आणि मेल दोन्ही करा, हॉटेलचं नाव टाकून. परराष्ट्रमंत्र्यांनी आज संसदेत सांगितलं की अजून अंदाजे १९ हजार भारतीय तिथं आहेत, म्हणजे लाइनी लागतील, तरी सोडू नका.

सेलूकर | ६ ऑगस्ट, रात्री ९:१०

लातूरकर, रिंग जातेय हे आमच्यापेक्षा बरंय. सारखा फोन करू नका, त्याची बॅटरी उतरेल. एकच मेसेज टाका: कुठं आहेस, सोबत कोण, एका ओळीत कळव. साधा एसएमएस टाका, व्हॉट्सॲपच नको. ज्या मिलमध्ये मशीन बसवलं तिथल्या मालकाचा नंबर त्याच्या बिलबुकात असेल, भावजयीला बघायला सांगा. जशोर म्हणजे बेनापोलपासून फार लांब नाही, तेव्हा बॉर्डरवरची माणसं इथं जास्तच कामाची. पेट्रापोलच्या माणसाचा नंबर व्यनित पाठवलाय, माझं नाव सांगा. सकाळी दहाच्या आत लावा, नंतर तो गाड्यांवर असतो आणि उचलत नाही.